थंडीच्या अखेरीस चब मासा

गळ टाकून नदीकांठीं बसलेला मनुष्य दिसला म्हणजे त्यास आळशी म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. उन्हाळ्यांत झाडाच्या सावलीला बसणाऱ्याविषयीं हें म्हणणें एक वेळ चालेल. परंतु फेब्रुवारी महिन्यांत, इंग्लंडांतील एखाद्या नदीच्या कांठीं, गवतावरील दंव गोठून पांढरें झालें असतां, बोटें बधिर होईपर्यंत दोरी धरून बसणाऱ्या मनुष्यास आळशी कोण म्हणेल? तो तेथें कां बसतो, त्यास मासा मिळतो तो कोणत्या ज्ञानाच्या बळावर, आणि मिळालेला मासा तो पुन्हां पाण्यांत कां सोडतो, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें देण्याचा ह्या लेखांत आमचा विचार आहे. विषय परक्या देशाचा असला तरी त्यांतील सृष्टिनियम परके नाहींत. आणि शेवटीं त्यांतील एक गोष्ट आपल्या ओढ्यानद्यांसही येऊन भिडते, असें वाचकांस आढळून येईल.

चब कोणता?

चब हा इंग्लंडांत व युरोपच्या बऱ्याच भागांत आढळणारा गोड्या पाण्यांतील मासा होय. शास्त्रांत त्यास स्क्वॅलिअस सेफॅलस असें नांव आहे. आपले रोहू, कटला व महाशीर ज्या मोठ्या वर्गांत मोडतात त्याच वर्गांत चबाची गणना होते; तेव्हां त्यास आपल्या ओळखीच्या माशांचा दूरचा भाऊबंद म्हणावयास हरकत नाहीं. त्याचें अंग जाड व गोलसर, डोकें रुंद व बोथट, आणि तोंड मोठें असतें. खवले मोठे असून त्यांवर पितळेसारखी झांक असते. पोटामागील पराची कड बाहेरच्या बाजूस फुगीर असते. त्याच्याशीं साम्य असणारा डेस नांवाचा एक मासा आहे. त्याच्या त्याच पराची कड आंत वळलेली असते, आणि लहान मासे ओळखतांना हीच खूण उपयोगी पडते. चबाच्या जबड्यांत दांत नसतात. ते घशांत असतात, व त्यांच्या योगानें तो किडे, गोगलगाई आणि लहान मासे चिरडून खातो. कांठच्या झुडपांवरील पिकलेलीं फळें पाण्यांत पडलीं तर तींही तो सोडीत नाहीं. दोन-तीन पौंडांचा चब पुष्कळ नद्यांत मिळतो. पांच पौंडांचा मोठा मानितात. थंडींत इतर कित्येक मासे निजल्यासारखे झाले असतांही हा मासा थोडेंबहुत खात राहतो, म्हणूनच हिंवाळ्यांत गळ टाकणारांचें लक्ष त्याच्याकडे वळतें.

ह्या माशाची कीर्ति जुनी आहे. आयझॅक वॉल्टन ह्या इंग्रज ग्रंथकारानें इ. स. १६५३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘दि कंप्लीट अँगलर’ ह्या ग्रंथांत चबास स्वतंत्र स्थान दिलें आहे. चब अतिशय भित्रा असून, काठीची किंवा वरून उडणाऱ्या पक्ष्याची नुसती सावली पाण्यावर पडली तरी तो तळाशीं जातो, हें वॉल्टननें बारकाईनें नमूद केलें. चबाचें मांस कांटेरी व बेचव असा त्या काळींही लौकिक होता, म्हणून तें शिजवावें कसें हेंही त्यास सांगावें लागलें. हिंवाळ्यांत मात्र चब सर्वांत चांगला समजला जातो, आणि त्या दिवसांसाठीं कांहीं लोक चीज व टर्पेंटाइन एकत्र मळून आमिष करितात, असेंही त्यानें लिहून ठेविलें आहे. जवळजवळ पावणेचारशें वर्षांनंतर टर्पेंटाइन मागें पडलें. चीज मात्र अजून गळावर आहे.

थंड पाणी व माशाचें शरीर

मनुष्य, गाय, पाणमांजर हे उष्णरक्ताचे प्राणी होत. बाहेर थंडी वाढली म्हणजे अंगांतील ऊब कायम राखण्यासाठीं त्यांना अधिक अन्न जाळावें लागतें. माशाची गोष्ट निराळी. नदीचें पाणी सेंटिग्रेडच्या ५ अंशांवर असेल तर त्यांतील माशाचें शरीरही जवळजवळ ५ अंशांवरच असतें. अन्न पचणें, स्नायु आंखडणें, श्वास घेणें ह्या सर्वांच्या मुळाशीं रासायनिक क्रिया असतात. आणि उष्णतामान सुमारें १० अंशांनीं उतरलें कीं ह्या क्रियांचा वेग साधारणपणें निम्म्यावर किंवा त्याहूनही खालीं येतो. त्यामुळें उन्हाळ्यांत जें अन्न चब थोड्या वेळांत पचवितो, तेंच पचविण्यास हिंवाळ्यांत त्यास फार वेळ लागतो. पोट लवकर रिकामें होत नाहीं, म्हणून भूकही वारंवार लागत नाहीं.

एकच थंडी, पण तिनें पाणमांजराचा खर्च वाढतो आणि चबाचा खर्च घटतो. इंग्लंडांत विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शेतीवरील कीटकनाशक विषांमुळें पाणमांजरें बहुतेक भागांतून नाहींशीं झालीं होतीं. तीं विषें बंद झाल्यावर तीं हळूहळू परतलीं, आणि इ. स. २०११ पर्यंत त्या देशाच्या प्रत्येक परगण्यांत त्यांचा पुन्हां आढळ झाला. थंडींत पाणमांजरास रोज पोट भरलें पाहिजे, आणि त्याच थंडींत चबाची चपळाई कमी झालेली असते. म्हणून हिंवाळा हा चबाचा परीक्षेचा काळ होय.

येथें एक प्रश्न उद्भवतो. थंडींत मासा मंद होतो तो श्वास कमी पडल्यामुळें काय? नाहीं. ० अंशावरील एक लिटर शुद्ध पाण्यांत हवेंतून सुमारें १४.६ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो. २० अंशांवर तो ९.१ मिलिग्रॅमच राहतो. म्हणजे थंड नदींत प्राणवायु विपुल आहे. उणीव आहे ती शक्तीची. अवर्षणाच्या सालीं कणगींतला दाणा मोजून काढणारी गृहिणी जशी विनाकारण एक मूठही खर्च करीत नाहीं, तसा थंडींतला चब विनाकारण एक वळसाही घेत नाहीं. आमिषापाशीं जाण्यास लागणारी शक्ति आणि आमिषापासून मिळणारें पोषण ह्यांचा हिशेब जमला तरच तो हलतो. हा हिशेब ज्यास समजला त्यास थंडींतली मासेमारी समजली.

पाणी कोणत्या दिशेनें चाललें आहे?

शाळेंत आपण शिकतों कीं पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असतें, आणि म्हणून तलावाच्या तळाशीं थंडींतही ४ अंशांचें पाणी राहूं शकतें. हा नियम नदीस जशाचा तसा लावूं नये. वाहतें पाणी सारखें घुसळलें जातें. त्यामुळें नदीचें उष्णतामान वरपासून तळापर्यंत बहुतेक एकच असतें. मासा खोल गेला म्हणून त्यास ऊब मिळते असें नाहीं. त्यास मिळते ती विश्रांति.

पाणी तापण्यास हवेपेक्षां फार अधिक उष्णता लागते, आणि निवण्यासही तितकीच उष्णता सोडावी लागते. सारख्या वजनाचें पाणी व हवा घेतली तर पाण्यास सुमारें चौपट उष्णता लागते. म्हणून एका रात्रीच्या कडक थंडीनें गवत गोठेल, पण मोठी नदी एकाएकीं निवत नाहीं. ओळीनें अनेक रात्रीं दंव गोठलें तरच तिचें उष्णतामान पायरीपायरीनें उतरतें. वितळलेल्या बर्फाचें पाणी मात्र अधिक घातक. दंवाची थंडी हवेंतून नदीवर येते. बर्फाचें पाणी ० अंशाच्या आसपास असून तें थेट नदींतच येऊन मिसळतें. म्हणून बर्फ पडल्यावर जो दिवस मनुष्यास उबदार व आल्हाददायक वाटतो, तोच बर्फ वितळूं लागल्यामुळें नदीस अधिक थंड करूं शकतो. आपल्या अंगास काय वाटतें ह्यावरून नदीचें अनुमान करूं नये, तर उष्णतामापकावरून करावें, हा ह्यांतील पहिला धडा.

दुसरा धडा असा कीं, अंश किती ह्यापेक्षां ते चढत आहेत कीं उतरत आहेत हें पाहणें अधिक महत्त्वाचें. चार दिवस पाणी ४ अंशांवर स्थिर असेल तर चबाचें शरीर त्या स्थितीस सरावतें व तो अधूनमधून खातो. तेंच पाणी ८ अंशांवरून झपाट्यानें ५ वर आलें तर, आंकडा मोठा असूनही, तो तोंड मिटून बसण्याचा संभव अधिक. आणि अटलांटिक महासागरावरून नैर्ऋत्येचा दमट, ढगाळ वारा वाहूं लागून पाणी दोन-तीन अंशांनीं चढलें, म्हणजे कांठावरील अनुभवी मंडळी आपलें काम बाजूस ठेवून नदीकडे वळतात.

चब कोठें सांपडतो?

प्रवाहाचें पाणी तळाशीं व कांठाशीं घासल्यामुळें मंद होतें आणि मध्यभागीं, पृष्ठाजवळ, वेगानें वाहतें. चबास अन्न पाहिजे, तें वेगवान् पाण्यांतून येतें. त्यास विसांवा पाहिजे, तो मंद पाण्यांत मिळतो. म्हणून जेथें वेगवान् व मंद पाणी एकमेकांस घासून जातें, तेथील मंद बाजूस तो उभा राहतो. पाण्यावर नीट पाहिलें तर त्या ठिकाणीं कापडाच्या घडीसारखी एक रेघ दिसते. इंग्लंडांत नदीकांठीं विलो, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातीचीं झाडें, फार. त्यांच्या पाण्यांत लोंबणाऱ्या फांद्यांस वाहून आलेला पाला, काटक्या व लव्हाळे अडकून तरंगतें छप्पर तयार होतें. अशा छपराखालीं उजेड कमी, प्रवाह मंद, आणि वरून सावली टाकणाऱ्या पक्ष्याचें भय नाहीं. भित्र्या चबास ह्याहून चांगलें घर कोणतें?

पुराचें पाणी गढूळ असतांना मासा कांठाच्या आडोशास सरकतो. पूर ओसरून पाण्यांत किंचित् रंग राहिला असतां गळ टाकण्याची वेळ उत्तम, कारण मासा निर्धास्त असतो आणि कांठावरचा मनुष्य त्यास दिसत नाहीं. पाणी अगदीं निवळशंख झालें म्हणजे दिवसभर थांबूनही कांहीं न मिळतां, शेवटच्या संधिप्रकाशांत, काठीचें टोंक दिसेनासें होतांना, एकदम ओढ लागते. लंडनच्या अक्षांशावर डिसेंबरच्या मध्यास सूर्य चार वाजण्यापूर्वींच मावळतो. मार्चच्या मध्यास तो सहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळें हंगामाच्या अखेरीस कामाचा दिवस आटोपूनही ही सांजवेळ साधतां येते.

गळ व आमिष

साधनें साधीं आहेत. अकरा-बारा फूट लांबीची लवचिक काठी, बारीक पण मजबूत दोरी, एक गळ, आणि आमिष तळाशीं जेमतेम टिकेल इतकेंच वजन. वजन जास्त झालें तर मासा ओढतांना त्यास भार जाणवतो व तो आमिष सोडून देतो. कित्येक जण दोरी बोटावरून घेऊन बसतात. कारण थंडींतली ओढ डोळ्यांस दिसण्यापूर्वीं बोटास कळते. ती ओढ उन्हाळ्यासारखी हिसकणारी नसते. दोरींत किंचित् थरथर, मग सावकाश ताण, इतकेंच. कडक थंडींत काठीच्या कड्यांत बर्फ धरतें व दोरी अडकते. तें वरचेवर मोडून काढावें लागतें.

निवळ पाण्यांत पांढरा पाव चांगला, कारण तो दुरून दिसतो. गढूळ पाण्यांत वासाचें आमिष पाहिजे: मोठें गांडूळ किंवा उग्र वासाचें चीज. चिजाच्या गोळ्याविषयीं एक बारकावा लक्षांत ठेवण्यासारखा आहे. त्यांत स्निग्धांश असतो. आणि आपल्याकडे पौषांत खोबरेल तेल जसें बाटलींत थिजून बसतें, तसा हा गोळा थंड पाण्यांत टणक होतो. मग मासा आमिष तोंडांत घेतो, पण गळ गोळ्यांतून बाहेर निघत नाहीं आणि मासा सुटतो. म्हणून घरच्या उबेंत बोटांस फार मऊ वाटेल असाच गोळा मळावा. येथेंही धडा तोच: आपल्या हवेंत नव्हे, माशाच्या पाण्यांत काय होईल तें पाहावें.

भिजवून पिळलेला शिळा पाव मूठभर पाण्यांत टाकला म्हणजे माशांस जागेची ओढ लागते. परंतु थंडींत ज्याचें पोट चार घासांनीं भरतें त्यास पांचवा घास आपणच फुकट वाढला, तर गळावरचा घास तो कशास घेईल? म्हणून थोडें टाकावें, आणि एका जागीं फार वेळ न बसतां एकेक जागा पाहत पुढें जावें. मासा आपणांकडे येण्यास नाखूष असतो, म्हणून आपणच आमिष त्याच्या दारीं नेलें पाहिजे.

१४ मार्चची मर्यादा

येणेंप्रमाणें जें ज्ञान मासा मिळवून देतें, तेंच ज्ञान पुढें एक कर्तव्यही सांगतें. चब मे-जूनच्या सुमारास, पाणी उबदार झाल्यावर, उथळ रेताड खड्यांवर अंडीं घालतो. फेब्रुवारी-मार्चमध्यें मादीच्या पोटांत तीं अंडीं वाढत असतात. म्हणून त्या दिवसांत मासे सर्वांत जड भरतात. ज्या मोठ्या माशाची गळवाल्यास हौस, तोच पुढच्या पिढीचा मोठा आधार. पांच पौंडांचा चब कांहीं एका वर्षांत होत नाहीं. त्यास बहुधा दहा किंवा अधिक वर्षें लागतात. हें वय त्याच्या खवल्यावरच लिहिलेलें असतें. उन्हाळ्यांत वाढ भरभर होऊन खवल्यावरील वळीं विरळ पडतात, हिंवाळ्यांत वाढ खुंटून तीं दाट होतात. आणि झाडाच्या खोडांतील वर्तुळांप्रमाणें तीं सूक्ष्मदर्शकाखालीं मोजतां येतात. प्रत्येक दाट वळें म्हणजे निभावलेला एक हिंवाळा.

इ. स. १८७८ मध्यें शेफील्डचे प्रतिनिधि मंडेला ह्यांच्या खटपटीनें ब्रिटिश पार्लमेंटानें गोड्या पाण्यांतील अशा माशांसाठीं विश्रांतीचा काळ ठरविणारा कायदा केला. इंग्लंडांतील नद्यांवर १५ मार्चपासून १५ जूनपर्यंत हे मासे गळानें धरण्यास आजही मनाई आहे. इ. स. १९९५ मध्यें बहुतेक तळ्यांवरील मनाई उठली, तेव्हां नद्यांवर तरी ती कशास पाहिजे असा वाद निघाला, आणि तो अद्याप पुरता मिटलेला नाहीं. तथापि नद्यांचा नियम कायम आहे. म्हणून १४ मार्च हा हंगामाचा शेवटचा दिवस. ह्याखेरीज, इंग्लंडांतील नदीत धरलेला २० सेंटिमीटरहून लांब चब परत पाण्यांत सोडला पाहिजे असा निर्बंध आहे.

परत सोडणें म्हणजे फेंकून देणें नव्हे. हात अगोदर ओले करावे, कारण कोरड्या हातानें अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. गोठलेल्या गवतावर मासा ठेवूं नये. गळ काढण्याचें काम होतां होईल तों पाण्यांत किंवा ओल्या झोळींत उरकावें, आणि मग मासा प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही हातांनीं सैल धरावा. कल्ले संथपणें हलूं लागतात, शेपटींत बळ येतें, आणि तो आपण होऊन निघून जातो. थंडींत त्यास पूर्ववत् होण्यास अधिक वेळ लागतो. ज्यास इतका वेळ थांबण्याची तयारी नसेल त्यानें गळ टाकूं नये.

आपल्या ओढ्यांविषयीं

आपल्या देशांत चब नाहीं आणि आपल्याकडे महाराष्ट्रांत नद्या गोठवणारी थंडीही नाहीं. परंतु विणीच्या काळीं माशास विश्रांति द्यावी ही कल्पना आपणांस नवी नाहीं. नारळी पौर्णिमेपूर्वीं समुद्रावर न जाण्याची कोळी बांधवांची चाल प्रसिद्धच आहे. आणि सरकारी बंदीही त्याच दिवसांत असते. इ. स. २०२४ मध्यें पश्चिम किनाऱ्यावर ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची होती. समुद्रास जें लागू, तें ओढ्यास कां नसावें? मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसांत कोंकणांतील ओढे वाहूं लागले कीं मासे उलट्या प्रवाहानें उथळ पाण्याकडे व भातखाचरांकडे चढतात. ह्यांसच आपण चढणीचे किंवा वलगणीचे मासे म्हणतों. ते चढतात तेच अंडीं घालण्यासाठीं. आणि नेमके त्याच रात्रीं कंदील, टोपल्या व काठ्या घेऊन गांव ओढ्यांत उतरतो. गरिबाच्या घरीं एक वेळचें कालवण होतें, हें आम्हीं जाणतों, आणि त्याच्या ताटांतला घास हिरावून घ्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु एका मादीच्या पोटांत हजारों अंडीं असतात; घरास पुरतील इतकेच मासे घेऊन बाकीच्यांस चढूं दिलें, तर तोच ओढा पुढच्या वर्षीं घर भरील. ज्यास मासा केव्हां दुबळा असतो हें ठाऊक झालें, त्याच्या हातीं दोन गोष्टी आल्या: त्यास धरण्याची युक्ति आणि त्यास वांचविण्याची जबाबदारी. पहिली घेऊन दुसरी टाकून देणें हें शिकलेल्या मनुष्यास शोभत नाहीं.

अभ्यासासाठीं

१. डिसेंबर व जानेवारी महिन्यांत रोज सकाळीं एकाच वेळीं हवेचें व जवळच्या नदीचें किंवा विहिरीचें उष्णतामान मोजून वहींत लिहा. कोणतें अधिक बदलतें व कां?

२. बाजारांतून आणलेल्या रोहूचा एक मोठा खवला धुऊन भिंगाखालीं पाहा. वळीं कोठें दाट व कोठें विरळ दिसतात?

३. गांवच्या ओढ्यांत पानें सोडून प्रवाहाची घडीसारखी रेघ शोधा; कागदावर नकाशा काढून त्यावर मासा कोठें उभा राहील ती जागा दाखवा.

४. पहिल्या पावसांत तुमच्या ओढ्यांत कोणते मासे चढतात, हें घरांतील वडील माणसांस विचारा. त्यांच्या लहानपणीं किती चढत व आज किती चढतात, हेंही विचारून लिहून ठेवा.